धूमकेतूसाठी एक दिवा

शेवंतीला फसवावं लागतं, हे मला लग्न होऊन मांडवगण फराट्याला आल्यावर कळलं. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की शेवंतीला वाटतं, आता फुलायची वेळ झाली, आणि रोप वीतभर असतानाच ती कळी धरते. मग ना दांडा, ना फूल, ना भाव. म्हणून आमच्याकडे शेवंतीवाले शेतात तारा ओढून दिवे टांगतात आणि सूर्य मावळला की लावतात. रोपाला वाटतं, अजून दिवसच आहे. ते आपलं उंच होत राहतं. माझ्या नवऱ्याचे चुलते, म्हणजे आमचे आप्पा, या फसवणुकीत पटाईत. त्यांचा शेवंतीचा तुकडा आमच्या अंगणाच्या बरोबर पश्चिमेला. दिवेलागणीला तिथं असा लखलखाट होतो की नवखा माणूस विचारतो, कुणाचं लग्न आहे?

मी दौंडची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. शिरूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. आकाशाचं वेड मला उशिरा लागलं, पण लागलं ते कायमचं. मुलाचं शिक्षण आटोपल्यावर मी सोन्याच्या बांगड्या करायच्या सोडून दुर्बीण घेतली. सासरच्या बायकांनी ती बांगड्यांसारखीच हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत ठेवली. माझी दुर्बीण एका छोट्या मोटारीवर बसते. पृथ्वी फिरते तशी ती मोटार दुर्बिणीला उलट फिरवते, म्हणजे तारा नजरेतून निसटत नाही. पुढे कॅमेरा लावला की फोटो निघतात.

आता माझं दुखणं सांगते. वर्गात मी ज्योतीची परीक्षा करून दाखवायचे. मीठ ज्योतीत धरलं की पिवळा रंग, तांब्याचा क्षार धरला की हिरवा. मग सांगायचे, ताऱ्यांचंही असंच. त्यांचा प्रकाश बारीक रेघांच्या काचेतून जाऊ दिला की त्याचा रंगीत पट्टा होतो, आणि पट्ट्यात कुठे उजळलंय त्यावरून तिथं काय जळतंय, काय तापलंय ते कळतं. धूमकेतूच्या पट्ट्यात कार्बनचा हिरवा उजेड दिसतो, हे तर मी दरवर्षी खडू आपटून सांगायचे. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पाहिलाय?"

"पुस्तकात आहे," मी म्हणाले.

वर्ग हसला. मी पण हसले, पण मला ते लागलं. इतकी वर्षं मी परक्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते. मागे एक धूमकेतू आला तो ऐन पावसाळ्यात. मी रोज अंगणात उभी आणि वर ढग. त्यानंतर मी मनाशी ठरवून टाकलं की शिकवणं संपायच्या आत एकदा तरी तो हिरवा उजेड स्वतः पकडायचा आणि त्या वर्गात नेऊन दाखवायचा.

तर माझ्या निवृत्तीच्या आदल्या ऑक्टोबरात एक धूमकेतू आला. मे महिन्यात मी घरी बसणार होते. पहिले काही दिवस संध्याकाळी चंद्र इतका मोठा की बाकी सगळं फिकं. कोजागिरीचं दूध मी रागारागाने प्यायले. कोजागिरी झाली, चंद्र उशिरा उगवायला लागला आणि अंधाराच्या संध्याकाळी मिळाल्या. पण धूमकेतूही रोज थोडा विझत चालला होता. आणि तो दिसायचा कुठे? पश्चिमेला, आप्पांच्या शेवंतीच्या अगदी डोक्यावर. दिव्यांच्या उजेडात माझा कॅमेरा दुधात पडलेल्या माशीसारखा आंधळा.

"मग दुसरीकडं जाऊ," नवरा म्हणाला. हा माणूस कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत क्वालिटीत होता, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एक बिनकामाचं उत्तर तयार असतं.

"कुठं जाऊ? चहूकडं डोक्याच्या वर ऊस. शिरूरला गावाचे दिवे. आणि नदीकडं एकटीनं उभी राहू? उसात बिबट्या आहे."

"दुर्बिणीकडं बघून पळेल तो."

शेवटी मी आप्पांकडेच गेले. ते ओट्यावर बसून दिव्याच्या तारा सोडवत होते. आप्पांचा हात मोठा, शेत मोठं, सोसायटीत त्यांचा शब्द चालतो, पण वस्तू टाकायचं त्यांच्या जिवावर येतं. त्यांच्या मुलाने सगळ्या शेतात एलईडीचे दिवे लावले तरी एका कोपऱ्यातली ओळ त्यांनी जुन्या सीएफएलचीच ठेवली होती, ते वळ्या-वळ्यांचे पांढरे दिवे. "चालतंय तवर चालू द्या," म्हणायचे. त्यावरून आम्ही सगळे त्यांना चिडवायचो.

मी म्हटलं, "आप्पा, संध्याकाळी थोडा वेळ दिवे बंद ठेवाल का? नंतर लावा. रात्र मधेच मोडली तरी शेवंतीला चालतं, आमचे बॉटनीचे सर म्हणतात."

"त्या सरांनी किती एकर शेवंती केली?"

मी त्यांच्यासमोर ओट्यावर टेकले.

"सूनबाई, माघातल्या लग्नसराईला धरून लावलीय ही. आत्ता कळी धरली तर पौषात फुलंल. पौषात कोण लगीन करतंय? माझा सगळा हंगाम हाय ह्यो." ते तारेकडे बघतच बोलत होते. "आन् त्या शेंडीच्या ताऱ्याचं काय कौतुक? आमच्या लहानपनी म्हनायचे, तो निघाला की राजा जातो. आपल्याकडं तर सरपंच बी जाईना."

मी हसले नाही. मी त्यांना त्या मुलीची गोष्ट सांगितली. मे महिन्याचं सांगितलं. म्हटलं, "आप्पा, तुमच्या फुलांचं वाईट झालेलं मला नको. पण मला हे एकदा बघायचंय हो. जन्मभर बघितल्यासारखं सांगत आले."

त्यांनी तार खाली ठेवली. मग म्हणाले, "एक दिवस. कंचा ते तू ठरव. दुसऱ्या दिवशी इचारायला यायचं न्हाई."

एक संध्याकाळ. ती ढगाळ निघाली तर संपलं. मी मोबाइलवर ढगांचे नकाशे बघून बघून डोळे दुखवले. नवऱ्याने सल्ला दिला की चिठ्ठ्या टाक. शेवटी एक दिवस ठरवला, आणि त्या दिवशी दुपारी पश्चिमेला कापसाच्या गासड्या टाकाव्यात तसे ढग. मी कॉलेजातून येताना बसच्या खिडकीतून तेच बघत होते. पण गाडी न्हावऱ्याच्या पुढे आली आणि वारा सुटला. घरी पोचेपर्यंत पश्चिम धुऊन निघालेली. मी चप्पल न काढताच दुर्बीण बाहेर काढली.

आता आप्पांचा स्वभाव असा, की आधी नाही म्हणतील, पण एकदा हो म्हणाले की मग त्या कामाची जत्रा करतात. त्यांनी अख्ख्या वस्तीला निरोप दिला होता की आज आपल्या सूनबाईला अंधार पाहिजे. कुणीतरी म्हणालं, अंधार केला की बिबट्या यायचा. तर आप्पा म्हणाले, मग सगळे एका जागी बसा. अशी सगळी वस्ती माझ्या अंगणात. बायका शेंगा घेऊन आल्या. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन आली. आप्पांच्या सुनेने चहाची किटली आणली. मी म्हटलं, शांत राहा, तर सगळे एकमेकांना मोठ्याने सांगायला लागले, शांत राहा.

मी घरातून वायर ओढून मोटार जोडली. कॅमेरा लावून लॅपटॉपला जोडला, पुढे रेघांची काच बसवली. खुणेसाठी कॉलेजातली निऑनची छोटी नळी आणली होती, ती खुर्चीवर ठेवली. ही खूण फार महत्त्वाची. नुसत्या पट्ट्यावर उजळलेलं दिसतं, पण ते नक्की कोणत्या रंगाला उजळलंय ते मोजायला शेजारी एक माहितीतला उजेड लागतो. मापपट्टी नसली तर कापड किती हे कसं सांगणार? निऑनच्या रेघा कुठे पडतात ते जगाला माहीत आहे. ती माझी मापपट्टी.

सूर्य गेला. आप्पांच्या शेतात दिवे लागले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या बाजूला नुसतं आकाश दिसलं. मी आप्पांकडे पाहिलं. ते शेताकडे पाठ करून बसले होते. आजारी माणसाच्या खोलीबाहेर बसावं तसे बसले होते.

पहिला तारा दिसला. मी दुर्बीण फिरवली, धूमकेतू सापडला, आणि तेवढ्यात माझी मोटार बंद पडली. घरातला दिवा गेला. शेजारचा गेला. पाटसच्या बाजूला लांबवर कारखान्याचा उजेड तेवढा राहिला. आमची वस्ती काजळीत बुडाली.

"कुणी केलं हे?" मी ओरडले.

अंधारातून एक आनंदी आवाज आला, "म्याडम, डीपीचा फ्यूजच काढून टाकला! एकबी दिवा ऱ्हायला न्हाई पायजे ना?"

आमच्याकडे वीज ही महामंडळाची असली तरी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी, गावाची असते. कुणाच्या लग्नाला फ्यूज टाकतात, कुणाच्या भांडणात काढतात. माझ्या प्रेमापोटी काढला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी म्हटलं, "अहो, माझं यंत्र विजेवर चालतं!" त्यावर पूर्ण अंगणात एक लांब "आऽऽ" झालं. फ्यूजवाला परत डीपीकडे निघाला, पण डीपी ओढ्यापलीकडे, वाट उसातली, एकट्याला कुणी जाऊ देईना. चौघं जण बॅटऱ्या घेऊन, बिबट्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने गाणी म्हणत निघाले. धूमकेतू मात्र कुणासाठी थांबणार नव्हता. तो खाली खाली जात होता.

तेव्हा आप्पा उठले. "किती होल्टचं हाय तुझं यंत्र?"

"बारा."

"मग रडती कशाला? ट्रॅक्टरची बॅटरी बाराचीच असती."

त्यांनी ट्रॅक्टर अंगणात आणला, हेडलाइट न लावता, पुढे नवरा "या, या, डावीकडं" करत उलटा चालत. बॅटरीला चिमटे लावले, वायरीची टोकं सोलली. मी प्लस-मायनस तीनदा तपासलं आणि जोडलं. मोटार घूंऽऽ करून फिरायला लागली. मी आयुष्यात कुठल्या आवाजाने इतकी खूश झाले नसेन. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग धूमकेतू लॅपटॉपवर आला. बाजूच्या छोट्या दुर्बिणीतून पाहून आप्पा म्हणाले, "एवढाच? फुटलेलं बोंड दिसतंय." पण कॅमेरा जरा वेळ उघडा ठेवला की लपलेलं दिसतं. पडद्यावर डोकं हिरवट आणि त्याच्या मागे वर चढत गेलेली लांब शेपटी. एक म्हातारी पुढे आली, पडदा निरखून बघितला, मग मान वर करून आकाश बघितलं, परत पडदा बघितला. "आन् ह्यो रोज हितंच व्हता?" तिने विचारलं. "दिव्यामुळं दिसत नव्हता व्हय?"

आणि मग पट्टा. मी कॅमेरा पट्ट्याकडे सरकवला, उघडा ठेवला, वाट पाहिली. पडद्यावर एक आडवी फिकट रेघ उमटली, आणि त्या रेघेवर उजेडाचे गठ्ठे, एक मोठा, दोन लहान. हेच ते. इतकी वर्षं खडूने काढलं ते हेच. मी नवऱ्याला म्हटलं, "ती नळी दे, लवकर." तो तत्परतेने वळला. खुर्चीवर मघाशी कुणी म्हातारं बसायला आलं होतं, म्हणून त्याने नळी स्वतःच उचलून "सुरक्षित" जागी, जमिनीवर ठेवली होती. ती सुरक्षित जागा त्याला आता त्याच्या बुटाखाली सापडली. कच्च.

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने नंतर सांगितलं की त्यात त्याच्या कंपनीचाही उद्धार होता. मग मी काचा वेचायला खाली बसले. पट्टा आहे आणि मापपट्टी नाही. उजेडाचे तीन गठ्ठे आहेत आणि ते कार्बनचे आहेत हे मी शपथेवर सांगू शकत नाही. परत "पुस्तकात आहे" असंच म्हणावं लागणार. निऑन नाही तर दुसरा कुठला तरी ओळखीचा उजेड हवा. एखादा ठळक तारा चालला असता, पण वर पुन्हा ढग सरकत होते आणि होता तो तारा त्यांनी गिळला होता. एलईडी चालत नाही, तिचा उजेड सगळीकडे सांडलेला असतो, त्याला रेघा नसतात. रेघा असतात पाऱ्याच्या वाफेला. पाऱ्याची वाफ म्हणजे ट्यूबलाइट, आणि वळ्या घातलेली छोटी ट्यूबलाइट म्हणजे—

मी ताडकन उठले. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"आप्पा! तुमच्या कोपऱ्यातले जुने दिवे!"

"बंदच हायत की. तू सांगितलंस ना."

"लावा! एक दिवा लावा! एकच, बाकी सगळं बंद!"

आप्पांना हसू फुटलं. ते आधी पोटातून आलं, मग खांदे हलायला लागले, मग आमचं अख्खं अंगण हसायला लागलं. "आठ दिस माझ्या दिव्याच्या नावानं खडे फोडती," ते डोळे पुसत म्हणाले, "आन् आता दिवा लाव म्हनती!"

तेवढ्यात उसातल्या गाणेवाल्यांनी फ्यूज बसवला असता तर सगळ्या वस्तीचे दिवे भसकन लागले असते. म्हणून सगळे आपापल्या घराकडे पळाले, बटणं बंद करायला. आप्पांची सून टॉर्च घेऊन शेतात गेली आणि कोपऱ्यातल्या ओळीतला एक दिवा ठेवून बाकीचे पिळून सैल केले, मग त्या ओळीचं बटण लावलं. मग वीज आली. शेताच्या त्या टोकाला, काळ्या शेवंतीवर, एकच पांढरा ठिपका लुकलुकला. सीएफएल लगेच पेटत नाही, आधी मंद असतो, मग हळूहळू भरतो. आम्ही सगळे त्याची वाट पाहत उभे होतो. मी दुर्बीण त्याच्याकडे वळवली. रेघांची काच होती तशीच ठेवली, म्हणजे दोन्ही पट्टे एकाच मापाने पडतील. कॅमेरा उघडला.

पडद्यावर रेघा आल्या. निळसर, हिरवी, नारिंगी, एकेक वेगळी, टोकदार. मी तो पट्टा धूमकेतूच्या पट्ट्याखाली ठेवला आणि मोजलं. पुन्हा मोजलं. धूमकेतूचा मोठा गठ्ठा दिव्याच्या हिरव्या रेघेच्या जरा अलीकडे, जिथं कार्बनचा पडायला हवा तिथंच होता. बाकीचे दोनही आपापल्या जागी. मी उभी राहिले आणि आप्पांना वाकून नमस्कार केला, कारण त्या वेळी मला दुसरं काही सुचेना. मी रडत होते आणि हसत होते. "आप्पा, कार्बन आहे! मी बघितला!"

"म्हंजी काजळी?"

"काजळीतलाच कार्बन. पण तिथं त्याची हवा झालेली. त्याचा उजेड आहे हा हिरवा."

त्यांनी दोन्ही पट्टे नीट पाहिले, वरचा आणि खालचा. "वरला ताऱ्याचा, खालचा माझा," ते म्हणाले. मग अंगणातल्या प्रत्येकाला बोलावून स्वतःच समजावून सांगायला लागले. चहा पुन्हा झाला. दिवे लागले. शेवंतीने तिचा चुकलेला दिवस त्या रात्री उशिरापर्यंत भरून घेतला.

वर्गात तो फोटो मी मोठा करून लावला. ती मुलगी केव्हाच पास होऊन गेली होती, पण दुसऱ्या मुलांनी तोच प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, "हो, पाहिलाय. खालचा पट्टा आमच्या आप्पांच्या शेतातल्या दिव्याचा आहे." या वेळी वर्ग हसला तेव्हा मला अजिबात लागलं नाही.

एक काळजी मात्र माघापर्यंत माझ्या पोटात होती. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन शेवंतीच्या बांधावर जायचे आणि कळ्या शोधायचे. मार्गशीर्ष कोरडा गेला, एक कळी नाही. मी आनंदाने ओरडले तेव्हा आप्पा म्हणाले, "शेतकरी कळी नसल्यावर नाचतोय हे पयल्यांदा बघतोय." माघात, लग्नसराईच्या तोंडावर, तुकडा पिवळाजर्द झाला.

मे महिन्यात कॉलेजने मला शाल आणि नारळ दिला. घरी कार्यक्रम झाला तेव्हा नातेवाइकांनी साड्या दिल्या. सगळे गेल्यावर आप्पा आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पुठ्ठ्याचा डबा काढला. आत कापूस, आणि कापसात गुंडाळलेला तो वळ्यांचा दिवा. कोपऱ्यातली ओळ त्यांनी शेवटी बदलली होती, पण हा एक काढून ठेवला होता.

मी म्हटलं, "आप्पा, हा मी जपून ठेवीन हो."

"जपायला न्हाई दिला," आप्पा म्हणाले. "पुढचा तारा आला की ह्यो लावायला मलाच हाक मार."